परतीची रिकामी गाडी

माझ्या मुलाची, धम्मदीपची, धाकटी मुलगी मित्रा ज्या वर्षी भिंत सोडून चालायला लागली, ते वर्ष दोन हजार तेवीस. तिचं पहिलं पाऊल घरात सगळ्यांनी पाहिलं, मी पाहिलं नाही. मी तेव्हा हडपसरहून कात्रजला येणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि खडी मशीन चौकात सिग्नलला बस थांबली होती. जानेवारीचा शेवट. ऊन कोवळं, धूळ मात्र भरपूर. बसच्या शेजारी ट्रक उभा होता. मी आधी त्याचं चाक पाहिलं, मग हौद्यावर ओढलेली निळी ताडपत्री, मग दारावरचा नंबर. कल्याणीनं, माझ्या मुलीनं, मला अक्षरं शिकवली ती माझी पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही गाड्यांच्या पाट्यांवरून. त्यामुळे रस्त्यात माझे डोळे आधी पाटीवर जातात, माणसावर नंतर. नंबर ओळखीचा होता. वर पाहिलं तर स्टेअरिंगवर धम्मदीप. मला बरं वाटलं, गर्दीत अचानक आपलं माणूस दिसलं की वाटतं तसं. मी काचेवर बोटानं टकटक केली. तो समोर बघत होता. सिग्नल हिरवा झाला, पुढची रिक्षा गेली, तिच्या मागच्या मोटारी गेल्या. ट्रक हलला नाही.

त्याचे डोळे उघडे होते. मिटलेले असते तर मी काच बडवली असती, ओरडले असते. पण ते उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. मेलेल्या माणसाचे डोळे मी माझ्या हातानं मिटले आहेत, नवऱ्याचे, सासूचे, म्हणून मला ती नजर माहीत होती, आणि माहीत होती म्हणूनच माझं बोट काचेवर तसंच राहिलं. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला ट्रकच्या पुढून वळसा घेत म्हणाला, "चहा झालाय म्हणावं, उठा आता." बसमधली माणसं हसली. कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "ओळखीचा आहे का हो मावशी? टकटक करत होतात." मी म्हणाले, "नाही." का म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात धम्मदीपची मान झटका बसल्यासारखी हलली, हात गिअरवर गेला आणि ट्रक निघून गेला. बसही निघाली. सगळं एवढं थोडं होतं की चौकातलं कुणी घरी जाऊन सांगणारही नाही. पुढच्या थांब्यावर एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या पिशवीतल्या मेथीचा वास आला. तो वास आला की अजून मला तो चौक दिसतो.

घरी आले तर शर्मिला, माझी सून, दारातच उभी होती. "आई, चालली की ही. तुम्हीच नव्हता." मित्रा मला बघून दोन्ही हात वर करून आली, मधे पडली, उठली, पुन्हा आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला उचलून घेतलं आणि तिचे डोळे पाहिले. लहान मूल पेंगतं तेव्हा त्याचे डोळे आधी जड होतात, मग मान जाते, मग सगळं अंग आपल्या खांद्यावर सुटतं. झोप कशी येते हे मुलाच्या अंगावर सगळं दिसतं. मोठा माणूस ती लपवायला शिकतो. लपवता लपवता एक दिवस ती त्यालाही दिसेनाशी होते. मी शर्मिलाला काही सांगितलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिच्या मागे भिंतीशी धम्मदीपची उशी पडली होती. पाच-सहा वर्षं ती उशी गाडीत असायची, तेलकट, डिझेलचा वास मारणारी. दिवाळीनंतर त्यानं ती घरी आणून टाकली. म्हणाला, "आता लागत नाही."

उशी का लागत नाही, हे सांगायचं तर कल्याणीचं शिक्षण सांगावं लागेल. त्याच्याही आधी मार्केट यार्ड. माझे मालक, सीताराम, तिथे हमाल होते आणि मी फाटकी पोती शिवायचे. गाडी लागली अशी हाक आली की सगळे हमाल उठायचे, आणि गाडी नसली की तिथेच थप्पीच्या सावलीत आडवे व्हायचे. गुळाच्या, मिरचीच्या, गोणपाटाच्या वासात मी त्यांना झोपलेलं पाहिलंय, तोंडं उघडी, हात छातीवर, हूक कमरेला तसाच. त्यांना झोप कुणी दिलेली नव्हती. एक गाडी गेली आणि दुसरी यायची होती, तेवढ्या फटीत ती उरायची. उशीर झालेल्या गाडीला व्यापारी शिव्या द्यायचे. हमाल द्यायचे नाहीत. मालक म्हणायचे, "चंद्रभागे, सोलापूरची गाडी पंक्चर झाली म्हणे. देव भलं करो त्या खिळ्याचं." देव न मानणारा माणूस, पण खिळ्यासाठी मानायचा. त्या वेळी मला तो नुसता विनोद वाटायचा.

कल्याणी हुशार. ती इंजिनिअर झाली, मग संशोधनाला लागली. माल कुठून कुठे जातो, कोणत्या रस्त्यानं, किती वेळात, गाड्या कशा आखाव्यात, हे तिचं काम. तिचा विषय तिनं मला भाकरी थापताना समजावला होता. "आई, इथून कोल्हापूरला भरलेली गाडी जाते. परत येताना रिकामी येते. डिझेल तेवढंच, रस्ता तेवढाच, धूर तेवढाच. अशा कितीतरी गाड्या रोज रस्त्यावर नुसती हवा वाहून आणतात." धम्मदीप ताटावर होता. तो म्हणाला, "रिकामी कुठली? मी असतो की तिच्यात." सगळे हसलो. कल्याणी सगळ्यांत जास्त हसली. त्या दोघांचं असंच असायचं. तो तिला म्याडम म्हणायचा, ती त्याला पायलट. तिच्या पाहणीसाठी त्यानंच तिला केबिनमध्ये बसवून कोल्हापूरपर्यंत नेलं, ढाब्यावर जेवू घातलं, बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं, ही माझी बहीण आहे, विचारेल ते खरं सांगा. येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पारगावच्या पुढे एक चिंच आहे. तिथे गाडी लावून तो रिकाम्या हौद्यात ताडपत्रीवर उशी टाकायचा आणि झोपायचा. केबिनमध्ये त्याचे पाय पुरत नाहीत. रिकाम्या गाडीची कुणी वाट बघत नसतं, त्यामुळे तिला उशीर होत नाही. कल्याणीनं तिथे चिंचेखाली बसून पेरू खाल्ला आणि गाडी किती वेळ उभी राहिली ते टिपून घेतलं.

मग तिचं काम पूर्ण झालं. शिरवळच्या कारखान्यांतला माल आणि कोल्हापूरहून रिकाम्या येणाऱ्या गाड्या यांची तिनं अशी सांगड घातली की क्वचितच एखादी गाडी मोकळी यावी. तिला पदवी मिळाली. धम्मदीपच्या कंपनीनं ती आखणी घेतली. साहेबांनी तिला बोलावून शाल दिली, आणि धम्मदीपनं सगळ्या गोदामाला पेढे वाटले. दिवाळीनंतर त्याची गाडी दोन्हीकडून भरून चालायला लागली. कोल्हापूरला माल उतरवायचा, शिरवळला येऊन बाटल्यांची खोकी भरायची आणि सकाळी ठरल्या वेळी लोणी काळभोरच्या गोदामाला लागायचं. हौद्यात खोकी. उशी घरी आली. मी ती उन्हात घातली, अभ्रा धुतला, आणि मला वाटलं, बरं झालं, घरच्या उशीला आता घरचा वास येईल.

सिग्नलच्या त्या दिवसानंतर तो घरी जेवायला बसला तेव्हा मी विचारलं. मी सरळ बोलणार होते, पण तोंडातून आडूनच आलं. "परवा खडी मशीनला तुझी गाडी दिसली."

"मग हाक मारायची."

"सिग्नल सुटला तरी तू उभाच होतास."

तो भाकरी मोडत होता. "मागच्यांना घाई असते आई. मला नसते."

"झोप होते का रे तुझी?"

"होते की. शिरवळला रांगेत असतो तेव्हा होते."

ओट्याशी उभी असलेली शर्मिला वळली नाही. नुसती म्हणाली, "आणि रांग पुढे सरकते तेव्हा कोण चालवतं? म्याडमचा कॉम्प्युटर?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या मागून मिटला आणि मागून उघडला. मी ते पाहिलं. मग घास तोंडापाशी नेऊन तो थांबला. आमटीचा थेंब भाकरीवरून त्याच्या मांडीवर पडला, मग दुसरा. आम्ही दोघी बघत राहिलो. मित्रानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली तसा तो घास त्यानं खाल्ला आणि म्हणाला, "काय म्हणत होतो मी?" तो काहीच म्हणत नव्हता.

रविवारी कल्याणी आली. मी तिला गच्चीवर नेलं, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं. वरून डेअरीकडे जाणारे टँकर दिसत होते, एकामागे एक. मी म्हणाले, "तुझा दादा जागेपणी झोपतोय." मला वाटलं होतं ती मला समजावेल, नियम सांगेल, आकडे सांगेल. ती वाळत घातलेल्या चादरीची सुरकुती काढत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"लिहीत होते तेव्हापासून. आई, गाडीत यंत्र असतं. गाडी चालू आहे की उभी आहे, एवढंच ते सांगतं. उभी असली की मी ते विश्रांतीत धरलं. सगळे तसंच धरतात. शिरवळच्या रांगेत गाडी चार तास उभी राहते, म्हणजे कागदावर माणूस चार तास झोपला. पण दर थोड्या वेळानं एक गाडी आत जाते आणि मागच्यांना पुढे सरकावं लागतं. नाही सरकलं तर नंबर जातो."

"मग तसं लिहायचं."

"लिहिलंय. प्रबंधाच्या शेवटी मर्यादा सांगायच्या असतात, आपल्या कामात काय राहिलं ते. त्यात लिहिलंय."

"कुणी वाचलं?"

"परीक्षकांनी वाचलं. प्रामाणिकपणे मांडलंय म्हणाले."

खाली एक टँकर वळताना अडकला होता आणि एक माणूस हातानं त्याला मागे, मागे असं करत होता. कल्याणी तिकडे बघत बोलत होती. कंपनीला तिनं सांगितलं होतं की परतीच्या वाटेवर थांबा धरा, ती करून देते नवी आखणी. ते म्हणाले, एप्रिलनंतर बघू, आत्ता सगळं छान चाललंय. "मग त्याला म्हण, गाडी सोड," मी म्हणाले. ती म्हणाली, "म्हटलं. तो म्हणाला, म्याडम, मी उतरलो तर दुसरा कुणी बसेल. तो तुझा भाऊ नसेल. मग तुला झोप लागेल का?" तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला दिसलं की तीही झोपत नाही. डोळ्यांखाली काळं, आणि गालाचं हाड वर आलेलं, बापासारखं. तिला जवळ घ्यावं असं वाटलं आणि त्याच वेळी तिला त्या गच्चीवरून खाली पाठवून द्यावं, माझ्या नजरेसमोरून, असंही वाटलं. दोन्ही वाटणं एकाच आईचं, एकाच क्षणी. मी चिमटे लावत राहिले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सलग सांगता येत नाही. भीतीला सकाळ-संध्याकाळ नसते. तांदूळ निवडताना मी त्याला मारत होते. नळाखाली बादली भरेपर्यंत मी त्याला खंबाटकीच्या कठड्यावरून खाली घालवत होते, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर त्याचा ब्रेक सोडवत होते. केबिन चेपलेली दिसायची, त्याची चप्पल दिसायची, एकच. त्याचं नाव मी वर्तमानपत्रातल्या अक्षरांत जुळवून पाहायचे, कोणत्या ओळीत येईल, आधी वय येईल की गाव. मग बादली भरून वाहायला लागायची आणि मी भानावर यायचे. विहारात वंदनेला बसले की सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवायचे. मला वाटायला लागलं होतं की घरातली झोप मोजकीच आहे, एका भांड्यातल्या दुधासारखी, आणि मी माझा वाटा घेतला नाही तर तो त्याला जाईल. म्हणून मी अंथरुणावर बसून राहायचे. शर्मिलालाही कधी कधी मी हाक मारून उठवलं आहे, काही कारण नसताना. तिला कळत असावं. ती उठून पाणी द्यायची.

त्याला मी एकदा अडवलंही. निघताना दारात उभी राहिले, मित्राला कडेवर घेऊन. म्हणाले, "आज जाऊ नकोस." तो बूट बांधत होता. म्हणाला, "आज नाही गेलो तर उद्या बोलावणार नाहीत. आणि बरोबर आहे त्यांचं. भरलेली गाडी माणसाची वाट बघत नाही." मग त्यानं मित्राच्या गालाला नाक लावलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. माणूस आधार द्यायला हात ठेवतो तेव्हा तो हलका असतो. हा आधार घेणारा हात होता. मी बाजूला झाले.

आमच्यात एक ठरलं होतं. शिरवळहून येताना कात्रज चौकात पोचला की त्यानं मला मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे घाट झाला, उतार झाला, आता राहिला तो सपाट रस्ता, कोंढव्यावरून लोणीपर्यंत. फोन एकदा वाजून बंद झाला की माझ्या मानेतली दोरी कुणीतरी सैल करायचं. खरं तर मी त्याला पाहिलं होतं ते सपाटीवर, त्याच रस्त्याच्या एका साध्या सिग्नलला. तरी भीती मात्र मी घाटात नेऊन ठेवली होती. दरी दिसते, कठडा दिसतो, मरण तिथे शोभतं. सपाटीवर ते कुठे ठेवायचं, मला सुचत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी फोन एकदा वाजला आणि बंद झाला. शर्मिला मोठीला शाळेत सोडायला गेली होती. मी मित्राला दूध पाजलं. ती माझ्या मांडीवर झोपली आणि तिच्या अंगाची ऊब पोटाला लागली. बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा ठोका येत होता. मी भिंतीला डोकं टेकलं. कित्येक दिवसांनी मला झोप लागली, दाट, तळाशी नेणारी, स्वप्नाशिवायची. तिच्यात जाताना एवढंच वाटलं की आता चालेल, आता घेतली तरी चालेल.

फोन पुन्हा वाजला तेव्हा तो बंद होईना. मित्रा रडत उठली. मी उचलला. पलीकडचा माणूस धम्मदीप नव्हता. "या फोनमध्ये हा नंबर आई म्हणून आहे. आपण कोण बोलताय?" मी नाव सांगितलं. तो पोलिसांतला होता, लोणी काळभोरहून बोलत होता. मला त्याचे शब्द आधीच पाठ होते. इतके दिवस मी तेच शब्द तांदळात, बादलीत, वंदनेत ऐकले होते, त्यामुळे तो पुढे काय बोलतोय ते मी ऐकतच नव्हते, नुसती शेवटच्या शब्दाची वाट बघत होते. "...आजी, ऐकताय ना? तुमचा मुलगा ठीक आहे. काचेचं थोडं लागलंय कपाळाला. बसलाय इथेच."

मी म्हणाले, "जिवंत आहे?"

"आहे, आहे. बोलत नाही, पण ठीक आहे."

मला हसू आलं. आवाज आला माझ्या हसण्याचा, मोठा, मित्रा रडायची थांबली इतका. अंगातलं सगळं सुटलं. मी जमिनीवर हात टेकला, आणि जमीन गार होती, खरी होती, माझा मुलगा तिच्यावर कुठेतरी बसलेला होता. भरल्या गाडीचं, खोक्यांचं, कंपनीचं काय व्हायचं ते होवो. हसता हसताच मी त्या माणसाला विचारलं, "मग फोन कशाला केलात?"

त्याच्या मागे बरीच माणसं होती आणि एक बाई एकाच सुरात काहीतरी म्हणत होती. मग तो म्हणाला, "गोदामाच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून खाली उतरली, आजी. खाली माणूस होतं."

माझ्या एवढ्या दिवसांच्या भीतीत तो माणूस एकदाही आला नव्हता. दरी होती, कठडा होता, चेपलेली केबिन होती. गाडीच्या पुढे मी कुणालाच उभं केलं नव्हतं.

शकुंतला दशरथ कुंजीर, वय बेचाळीस, राहणार लोणी काळभोर. दूध घालून रिकामी किटली घेऊन रस्त्याच्या कडेनं घरी निघाल्या होत्या. तेवीस फेब्रुवारी दोन हजार तेवीस, गुरुवार, सकाळी त्या जागच्या जागी गेल्या.